प्रतिसाद : उपमेआधी निरीक्षण
रोगप्रतिकारशक्ती शिकवताना ‘पेशींचे सैन्य’ ही उपमा पुरेशी आहे, या मताशी मी अंशतःच सहमत आहे. कारण हे सैन्य मुळात कोणी आणि कसे पाहिले, हा प्रश्न तिच्यात राहूनच जातो. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना काट्यांभोवती जमलेल्या भटक्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. हा प्रसंग सांगून मी लिशमन रंजकाने रंगवलेली रक्ताची तयार काचपट्टी दाखवतो. तांबड्या पेशींच्या गर्दीत तीन-चार खंडांचे जांभळे केंद्रक असलेली न्यूट्रोफिल (जंतू गिळणारी पांढरी पेशी) सापडली, की मागच्या बाकावरचेही उठून येतात. प्रतिपिंडे (जंतूंना चिकटणारी रक्तातील प्रथिने) त्यानंतरच शिकवायला घ्यावीत. नाहीतर (पाठांतराची सवय असतेच) वहीत नुसत्या व्याख्या उरतात.