आई निवासात राहते, पण खोलीबाहेर येत नाही, काय करावे?

मांजलपूरकर (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझी आई, वय ७९, गेल्या दहा महिन्यांपासून बडोद्यात भायलीच्या पुढे असलेल्या एका ज्येष्ठ नागरिक निवासात राहते. हा निर्णय तिचा स्वतःचा होता, हे आधीच सांगते, म्हणजे ‘आईला आश्रमात ठेवले’ अशा सुराची उत्तरे येणार नाहीत. दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराचा जिना उभा आणि अंधारा आहे, आणि बाबा गेल्यानंतर ती तिथे एकटीच राहत होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा मी मांजलपुरात अडकले, वीज नसल्याने तिचा फोन बंद पडला आणि दोन दिवस तिची खुशाली कळली नाही. पाणी ओसरल्यावर निवासाचा विषय तिनेच काढला. जावयाच्या घरी कायमचे राहायचे नाही, हे तिचे मत फार पूर्वीपासून पक्के आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

निवासाबद्दल तक्रारीला जागा नाही. खोली हवेशीर आहे, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, रात्री परिचारिका असते. संध्याकाळी भजन, शनिवारी हाउझी (पुकारलेले आकडे तिकिटावर खोडण्याचा खेळ), नवरात्रात खुर्चीवर बसून टाळ्यांचा गरबा असे कार्यक्रमही भरपूर असतात. पहिले तीन-चार महिने आई सगळीकडे हौसेने जात असे. त्यानंतर तिने एकेक गोष्ट सोडली, आणि आता तर दोन्ही वेळचे जेवणही खोलीतच मागवते. व्यवस्थापकांना विचारले तर ते ‘हळूहळू रमतील’ म्हणतात. आईला विचारले तर ‘मला काय झालंय, मी बरी आहे’ एवढेच उत्तर मिळते.

भाषेचा प्रश्न असेल असे पुण्याच्या मावशीचे मत आहे, पण ते बरोबर नाही. बहुतेक रहिवासी गुजराती आहेत हे खरे असले, तरी बडोद्यात जन्मलेल्या मराठी माणसाला गुजराती येत नाही असे होत नाही. माझी आई तर गुजरातीत भांडूही शकते. डाळ गोड असते, त्यावर तिने खोलीत लसणाच्या चटणीची बरणी ठेवून तोडगा काढला आहे. ती ३१ वर्षे सेंट्रल लायब्ररीत नोकरीला होती आणि आजही रोज वाचते. मग अडते कुठे? ज्यांचे आईवडील अशा ठिकाणी राहतात, किंवा जे स्वतः राहतात, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

सूरसागरकाठचा

ताई, मी ८२ वर्षांचा आहे आणि सहा वर्षांपासून बडोद्यातीलच एका दुसऱ्या निवासात राहतो. आपल्या व्यवस्थापकांचे ‘हळूहळू रमतील’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर माझा विश्वास उरलेला नाही. माणूस आपोआप रमत नाही; जिथे त्याच्यावाचून कोणाचे तरी अडते, तिथे तो रमतो. आमच्याकडे एक गृहस्थ रोज सकाळी वर्तमानपत्रे आल्यावर त्यांच्या पानांना टाचण्या मारतात, म्हणजे पाने सुटून पुरवणी एकीकडे आणि अग्रलेख दुसरीकडे असे होत नाही. काम दहा मिनिटांचे आहे. पण ते एकदा तापाने पडले तेव्हा सात वाजता चारजण त्यांच्या दाराशी उभे होते. भजनाच्या कार्यक्रमाला मी गेलो नाही तर मात्र एक खुर्ची रिकामी राहते, आणि ती कोणाची हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

याविषयी एक जुना प्रयोग पुष्कळदा सांगितला जातो. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील एका वृद्ध शुश्रूषागृहात एका मजल्यावरील रहिवाशांना आपल्या पसंतीचे रोप निवडून त्याची निगा स्वतः राखण्यास सांगितले आणि चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा तेही त्यांनीच ठरवावे अशी मुभा दिली. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, पण त्यांना पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे ठेवले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही आणि हिंडती-फिरती आढळली. प्रयोग लहान होता, एकाच संस्थेत झाला, त्यामुळे त्याचा डंका पिटण्याची गरज नाही. परंतु आमच्या निवासात कुंड्यांना माळी पाणी घालतो आणि आम्ही बाकावर बसून ते पाहतो, तेव्हा मला तो दुसरा मजला हमखास आठवतो.

आपल्या आई सेंट्रल लायब्ररीत होत्या, हे वाचून फार बरे वाटले. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांवरच्या जाड काचेच्या फरशा आणि लोखंडी मांडण्या मी विद्यार्थीदशेत पाहिल्या आहेत. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. त्या परंपरेतल्या बाईंना हाउझीला बोलावणे म्हणजे सुताराला पत्ते खेळायला बोलावण्यासारखे आहे. आपल्या निवासात पुस्तकांचे कपाट असेलच. ते बहुधा कुलूपबंद असेल आणि किल्ली कार्यालयात असेल. ती किल्ली आईंकडे द्यावी, अशी विनंती करून पाहा.

मांजलपूरकर

काका, मनापासून आभार. कपाट आहे आणि आपण म्हणता तसे ते कुलूपबंदच आहे. किल्लीबद्दल मी विचारते.

आपण हाउझीचा उल्लेख केला म्हणून एक प्रसंग सांगते, जो मी आधी क्षुल्लक समजून लिहिला नव्हता. आईने खोलीबाहेर पडणे त्या सुमारासच कमी केले, असे आता वाटते. एका शनिवारी तिने ‘लाइन’, म्हणजे एका ओळीतले सगळे आकडे, झाल्याचे सांगितले आणि तिकीट तपासले तर ६८ वर खूण होती, मात्र पुकारलेला आकडा होता ६७. नियमाप्रमाणे ‘बोगी’, म्हणजे चुकीचा दावा, झाली आणि तिचे तिकीट बाद झाले. लोक हसले, अगदी साधे हसले, त्यात वाईट हेतू नव्हता. आई मात्र ठामपणे सांगत राहिली की पुकारणाऱ्याने अडुसष्टच म्हटले होते. तिच्या स्मरणशक्तीला काही होत असेल का, ही शंका तेव्हापासून माझ्या मनात आहे आणि तिचा उच्चार करायचे धैर्य मला आजवर झाले नव्हते.

कर्णपरीक्षक

मी श्रवणतज्ज्ञ आहे. आपला दुसरा मजकूर वाचून थांबलो आणि पहिला पुन्हा वाचला. आकडे गुजरातीत पुकारले जात होते, असे मी धरून चालतो. गुजरातीत ६७ म्हणजे ‘सडसठ’ आणि ६८ म्हणजे ‘अडसठ’. दोन्ही शब्दांत फरक आहे तो फक्त पहिल्या ‘स’चा. वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणात सर्वांत आधी वरच्या पट्टीतले ध्वनी ऐकू येईनासे होतात, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने नेमकी त्या पट्टीत असतात. स्वर खालच्या पट्टीतले असल्याने ते पुष्कळ काळ शाबूत राहतात. म्हणून अशी व्यक्ती ‘मला ऐकू येत नाही’ असे म्हणत नाही, ‘लोक पुटपुटतात’ असे म्हणते. आपल्या आईंनी जे ऐकले तेच प्रामाणिकपणे खोडले असावे. त्यांची स्मरणशक्ती कशी आहे हे मी इथून सांगू शकत नाही, पण तिच्याकडे बोट दाखवण्याआधी कान तपासून घ्यावेत, एवढे मात्र निश्चित सांगतो.

भोजनगृह सोडून खोलीत जेवणे हेही याच चित्रात बसते. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, स्टीलची ताटे-वाट्या आणि एकाच वेळी बोलणारी चाळीस माणसे अशा जागी आवाज घुमतो. खोलीत समोरासमोर बोलताना ज्यांचे सहज निभावते, त्यांना तिथे एक वाक्यही धड लागत नाही. मग प्रत्येक वाक्याला ‘काय म्हणालात?’ असे विचारण्यापेक्षा मान हलवून हसणे सोपे वाटते आणि काही आठवड्यांनी न जाणे त्याहूनही सोपे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढील २५ टक्क्यांहून अधिक लोकांना रोजच्या व्यवहारात अडचण येईल इतका श्रवणदोष असतो. चष्मा लावायला कोणी लाजत नाही, कानाचे मशीन मात्र अजूनही लपवण्याची वस्तू आहे.

प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कानातला मळ काढून घ्यावा. कधीकधी अर्धी अडचण तिथेच सुटते. नंतर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करावी. यंत्राची गरज निघाली तर ते विकत घेण्याआधी काही दिवस वापरून पाहण्याची सोय मागावी आणि शक्यतो ज्या भोजनगृहात त्रास होतो तिथेच ते लावून बसावे, कारण दुकानाच्या शांत खोलीत प्रत्येक यंत्र उत्तमच वाटते. पहिले काही आठवडे सर्व आवाज अंगावर आल्यासारखे वाटतात. मेंदूला पुन्हा सवय व्हायला तेवढा अवधी लागतोच, आणि याच काळात बहुतेक यंत्रे पेटीत परत जातात. बटन-बॅटरीचे यंत्र असेल तर बॅटरीवरची चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर ती उघडी राहू द्यावी, मगच आत घालावी. तोवर भोजनगृहात भिंतीकडे पाठ करून, चारच माणसांच्या टेबलाशी, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल अशी जागा आईंना मिळावी, असे व्यवस्थापकांना सांगा. टेबलांवर कापड आणि खिडक्यांना जाड पडदे लावले तर इतर कित्येकांनाही बरे पडेल, आणि तसे बोलून न दाखवणारे तिथे किमान दहाजण असतील.

डिमेन्शियाच्या भीतीबद्दल आणखी एक सांगतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली डिमेन्शियाच्या सुधारता येण्याजोग्या १४ जोखीम-घटकांची जी यादी दिली, तिच्यात श्रवणदोष आहे. यंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळतो, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. मात्र ‘या वयात कान काय तपासायचे’ असे म्हणून गप्प बसण्याला त्यानंतर आधार उरत नाही.

एकांतप्रिय

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कोणाला रुक्ष वाटले तर आधीच क्षमा मागते. मी ७४ वर्षांची आहे, अविवाहित आहे आणि निवासात स्वखुशीने राहते. दुपारी कोणी दार वाजवून ‘एकट्या काय बसलात, चला अंताक्षरीला’ म्हणाले की माझ्या कपाळाला आठी पडते. निवास ही शाळा नव्हे, तिथे हजेरीपट नसतो. ताई, आपण व्यवस्थापकांना विचारले, मावशीला विचारले, आम्हा अनोळखी लोकांनाही विचारले. आईंना मात्र ‘तू बाहेर का येत नाहीस’ असे विचारलेत, जो प्रश्न कमी आणि ठपका अधिक आहे. ‘तिथे बसल्यावर नेमका कशाचा त्रास होतो’ असे विचारून पाहा.

एकांत आणि उदासी यांत गल्लत होऊ नये म्हणून मी स्वतःपुरती एक खूण ठेवली आहे: जे मी एकटीने आनंदाने करत असे, तेही सुटले का? आपल्या आई रोज वाचतात, चटणीची बरणी भरून ठेवतात, म्हणजे जिवात रस आहे. वाचन सुटले, वजन उतरू लागले, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागेना, तर मात्र वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे आणि त्याबरोबर थायरॉइड व बी-१२ ही तपासून घ्यावे, कारण त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच मिटत जातो.

किल्लीची सूचना मला आवडली, पण ती आईंना विचारूनच अमलात आणावी. ३१ वर्षे नोकरी केलेल्या बाईंना पुन्हा कपाट सांभाळायचे असेलच असे नाही.

मांजलपूरकर (दोन महिन्यांनंतर)

उत्तर द्यायला उशीर झाला. आईला मी एकांतप्रिय ताईंनी सुचवले तसे विचारले, तर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘तिथं सगळे एकदम बोलतात गं, मला नुसता गलका ऐकू येतो.’ दहा महिन्यांत हे वाक्य मी प्रथमच ऐकले, कारण ते मी मागितलेच नव्हते.

डाव्या कानात मळ निघाला. तो काढल्यावरही तपासणीत दोन्ही कानांत वरच्या पट्टीतला दोष आला, अगदी सांगितला होता तसा. यंत्र लावून तिसरा आठवडा संपत आहे. पहिल्या दिवशी ‘पंख्याला एवढा आवाज असतो?’ म्हणून तिने पंखा बंद केला आणि उकाड्यात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी यंत्र रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवले. आता जेवणाच्या वेळी तास-दीड तास लावते. भिंतीकडची जागा मिळाली आहे. पडदे लावण्यासाठी व्यवस्थापकांनी ‘पाहू’ म्हटले आहे.

कपाटाच्या किल्लीबद्दल विचारले तेव्हा तिने प्रथम नाही म्हटले. दोन दिवसांनी मात्र तिनेच फोन करून सांगितले की त्या कपाटात मराठी, गुजराती आणि इंग्रजी पुस्तके उंचीप्रमाणे लावली आहेत, आणि हे तिला पाहवत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच ते सहा ती कपाट उघडते. नोंदवही मी रावपुऱ्यातून आणून दिली. रकाने तिने स्वतः आखले, पट्टी लावून.

शनिवारी हाउझीला ती अजूनही जात नाही. आता ऐकू येते ना, मग जात का नाहीस, असे न राहवून विचारले, तर म्हणाली, ‘मला तो खेळ कधीच आवडत नव्हता. तुला बरं वाटावं म्हणून जात होते.’