एचला शेपटी असलेलं अक्षर छापताना डबा येतोय, साधा एच चालेल का?

चिपळूणचा डीटीपीवाला:
मंडळी जरा अर्जंट आहे. भाची किर्गिझस्तानात बिश्केकला एमबीबीएसला आहे, तिच्या घरमालकीण आजींना नवीन वर्षाला आंबापोळी पाठवायचीय आणि पाकिटावर लेबल त्यांच्याच किर्गीझ भाषेत पाहिजे असा तिचा हट्ट. तिने व्हॉट्सॲपवर ओळ दिली, वाचायला साधारण 'जाङी जिलिङिझ मेनेन' अशी, म्हणजे नवीन वर्षाच्या शुभेच्छा. मोबाईलवर नीट दिसते पण कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की बरोबर दोन ठिकाणी चौकोनी डबा. तिथे इंग्रजी एचसारखं अक्षर आहे, उजव्या पायाला खाली बारीकशी शेपटी. माझ्याकडे एकच रशियन फॉन्ट आहे. साधा एच टाकून मोकळा होऊ का? पार्सलवाला उद्या येतोय.

दापोलीचा मास्तर (रिटायर):
नका टाकू. तो एच नाहीच मुळात, रशियन न आहे, आणि शेपटी लागली की त्याचा ङ होतो. आपला क ख ग घ ङ मधला, ज्याला वर्गात निम्मी पोरं 'ड ला टिंब' म्हणायची. आपलं अनुस्वारावर भागतं हो, गंगा, शंख लिहिताना पुढे ग नाहीतर ख असतोच. त्यांच्याकडे ङ एकटाच येतो आणि अर्थ बदलतो. तोन म्हणजे मेंढीच्या कातड्याचा कोट आणि तोङ म्हणजे गोठलेलं, आता बघा शेपटी विसरलात तर थंडीत काय हाल. तुमच्या ओळीत तर ती अजूनच महत्त्वाची. जिल म्हणजे वर्ष, जिलिङ म्हणजे तुझं वर्ष, जिलिङिझ म्हणजे आपलं वर्ष, आजींना अहोजाहो चाललंय त्यात. घाईत मेसेज टाइप करताना तिकडचे लोकही साधा न मारतात, कळतं सगळ्यांना, पण छापील लेबलवर बरं नाही दिसत.
गंमत म्हणजे समुद्राला ते देङिझ म्हणतात, आणि देशाला समुद्रच नाही.

जहाजावरचा रत्नागिरीकर:
मास्तर, आमच्या जहाजावर एक तुर्की इंजिनीअर होता तो समुद्राला देनिझ म्हणायचा, नुसता न. तुर्कांनी 1928 ला रोमन लिपी घेतली त्यात या ङ ला वेगळं अक्षरच ठेवलं नाही. कझाक लोकांनी मात्र ठेवलंय, 1993 ला त्यांचं स्वतःचं चलन आलं ते तेङगे, कझाकमध्ये शेपटीसकट लिहितात आणि रशियनमध्ये बिनशेपटीचं.

मालवणी माणूस:
अरे पण तेचा डबा जाऊक होयो ना! रशियन फॉन्टात 33 अक्षरां, किर्गीझची 36, वरची तीन खयसून गावतली? नोटो सॅन्स फॉन्ट घाल, फुकट गावता. आणि मोबाईलार किर्गीझ कीबोर्ड घेवन न चा बटान दाबून धर, शेपटीवालो वर येता.

चिपळूणचा डीटीपीवाला:
नोटो सॅन्सने काम झालं, डबे गेले, सगळ्यांचे आभार. फक्त पहिल्या शीटला ओळ अगदी खालच्या कडेला घेतली होती मी, कटिंग करताना शेपट्याच उडाल्या. दुसरी शीट काढतोय.