मदत हवी आहे: दरवेळी मीच का? (विषय नवरा-बायकोचा आहे, आधीच सांगतो)

संपकरी

नवीन आयडी आहे, कारण जुन्या आयडीवर मेव्हणा वाचतो. डु (डुप्लिकेट) आयडी म्हणून ओरडू नका.

लग्नाला ११ वर्षं. ठाण्यात २ बीएचके, हप्ते चालू. मुलगा ७ वर्षांचा. आमचं पटतं, भांडणं फारशी नाहीत. प्रश्न एवढाच की जवळ यायचं असेल तर पहिला हात कायम माझाच. ती 'नाही' म्हणते असं नाही. चारातल्या दोन वेळा हो, एकदा 'उद्या', एकदा कंबर. पण स्वतःहून? एका हाताची बोटं पुरून उरतील, आणि त्यातलंही एक बोट महाबळेश्वरचं.

अनंत चतुर्दशीच्या रात्री विसर्जन करून आलो आणि ठरवलं, आता मी नाही. बघू हिला कधी आठवण होते. काल संक्रांत झाली. चार महिने. तिळगूळ मिळाला, तेवढंच गोड.

'एकमेकांशी बोला' वगैरे सल्ले नकोत, ते मला माहीत आहेत. बायका स्वतःहून पुढाकार घेत नाहीत हे सर्वसाधारण आहे का, एवढंच सांगा. असेल तर मी गप्प बसतो. जरा लवकर, डोकं फिरलंय.

चिंचगूळ

संपाची नोटीस दिली होतीत का? म्हणजे संप चालू आहे हे व्यवस्थापनाला माहीत आहे का?

संपकरी

नाही. सांगितलं तर परीक्षा कसली?

चिंचगूळ

म्हणजे परीक्षा आहे हेच जिला माहीत नाही तिला तुम्ही चार महिन्यांपूर्वीच नापास करून बसलात.

सुताराचा_नातू

पलंग वाजतो का?

जुना_रेडिओ

सर्वसाधारण आहे हो. आमच्याकडे २३ वर्षं हेच. बाप्याने विचारायचं, बाईने नाही म्हणायचं, मग बाप्याने टीव्ही लावायचा. निसर्गच तसा आहे. मी पहाटे ५ ला उठून तलावपाळीला चार फेऱ्या मारतो आणि रात्री दुधातून अश्वगंधा घेतो. मन शांत राहतं. तुम्हीही सुरू करा.

खिडकीजवळची

निसर्ग म्हणे. आमच्याकडे १४ वर्षं पुढाकार माझा. आणि नवरा चांगला माणूस आहे, पण मी जवळ सरकले की हसून म्हणतो, "आज काय विशेष?" त्याला गंमत वाटते. मला त्यानंतर दोन आठवडे हात पुढे करवत नाही. पुरुषांनाही नको असतं, कंटाळा येतो, भीती वाटते. फक्त ते कट्ट्यावर कुणी सांगत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं की पुरुष म्हणजे सदा तयार.

संपकरी दादा, तिने 'उद्या' म्हटलं की तुम्ही काय करायचात? तोंड फिरवून झोपायचात?

संपकरी

तोंड वगैरे फिरवत नाही. मोबाईल बघतो थोडा वेळ.

खिडकीजवळची

त्यापेक्षा तोंड फिरवलेलं बरं. त्या निळ्या उजेडात बाजूच्या माणसाला आपण गुन्हेगार असल्यासारखं वाटतं.

दोन_पोरांची_आई

मुलगा कुठे झोपतो? हे अजून कुणी विचारलंच नाही.

संपकरी

मध्ये. दुसऱ्या खोलीत आई असतात.

दोन_पोरांची_आई

हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही? आणि स्वतःच्या आईला 'असतात' कोण म्हणतं? सासूबाई आहेत का?

संपकरी

हो, तिची आई. जूनपासून आमच्याकडे असतात. तिचे वडील अचानक गेले. पण त्याचा इथे संबंध नाही. संप गणपतीत सुरू झाला.

चिंचगूळ

मी माझा विनोद मागे घेते.

दोन_पोरांची_आई

संबंध नाही?? बापाला जाऊन तीन महिने होत नाहीत तोवर तुम्ही हजेरीपट घेऊन बसलात!

जुना_रेडिओ

ताई, एवढं अंगावर जाऊ नका. त्यांनी ११ वर्षांचं विचारलंय, जूनपासूनचं नाही. बायकांनी विचारलं की 'मोकळं होतेस ते बरं', पुरुषाने विचारलं की 'स्वार्थी'. हा न्याय मला कळत नाही.

खिडकीजवळची

रेडिओकाका, या बाबतीत तुमचं अर्धं बरोबर आहे. सतत विचारणाऱ्यालाही लागतंच. पण माझं सांगते. बाबा गेल्यावर आठ महिने मला कुणी केसांवरून हात फिरवलेला चालत नव्हता. नवऱ्यावर राग नव्हता. अंगालाच काही नको होतं. आणि तरी रात्री कुणीतरी बाजूला जागं असावं असंही वाटायचं. या दोन्ही गोष्टी एकदम असतात.

नोटीस_पाठवू_का

कायद्याची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो. हिंदू विवाह कायदा, कलम ९, दांपत्य हक्कांची पुनर्स्थापना. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध धरलं. मात्र जोडीदार विनाकारण सोडून गेला असेल तरच ते लागू होतं. तुमची पत्नी घरातच राहते, त्यामुळे तुम्हाला उपयोग नाही.

चिंचगूळ

कलम ९ कुणी मागितलं होतं?

नोटीस_पाठवू_का

मागितलं नाही तरी माहीत असावं.

ताम्हण

मी डॉक्टर आहे, पण जनरल प्रॅक्टिस, मनोविकारतज्ज्ञ नाही. त्यामुळे दोनच प्रश्न. पत्नीला झोप लागते का? आणि जूननंतर कुठली गोळी सुरू झाली का?

संपकरी

झोप आधी लागत नव्हती, आता लागते. रात्रीची एक गोळी आहे, झोपेची असावी.

ताम्हण

'असावी' नको. पाकीट बघा.

संपकरी

बघितलं. एस्सिटालोप्राम १०. ऑगस्टपासून चालू आहे. मला खरंच वाटलं झोपेची.

ताम्हण

झोपेची नाही. नैराश्य आणि चिंतेसाठी देतात. चांगलं औषध आहे, पुष्कळांना त्याने उभं केलंय. पण या गटातल्या गोळ्यांनी इच्छा कमी होणं, शरीराचा प्रतिसाद उशिरा येणं किंवा न येणं, हे बऱ्यापैकी आढळतं. पुरुषांतही. रुग्ण आपण होऊन सांगत नाहीत आणि गर्दीच्या ओपीडीत विचारलं जात नाही.

त्यामुळे तीन गोष्टी कृपया लक्षात घ्या. तुम्ही किंवा तिने गोळी परस्पर बंद करायची नाही. एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड होते आणि मूळ त्रास उलटू शकतो. जिथून गोळी लिहून दिली तिथेच स्पष्ट सांगायचं. डोस बदलता येतो, दुसरं औषध देता येतं. आणि सगळं खापर गोळीवर फोडू नका, दुःखानेही इच्छा जाते. थायरॉईड तपासलं नसेल तर तेही करून घ्या.

आता तुमच्या ११ वर्षांबद्दल. पूर्वी असं धरलं जायचं की आधी इच्छा, मग बाकीचं. कॅनडातल्या रोझमेरी बॅसन या डॉक्टरांनी २००० साली वेगळी मांडणी केली. जुन्या नात्यात पुष्कळ स्त्रिया सुरुवातीला 'हवंय'ही नाही आणि 'नकोय'ही नाही अशा जागी असतात. जवळीक, स्पर्श, निवांतपणा मिळाला की इच्छा मागून येते. पुरुषांतही असे असतात. अशा माणसाला आतून आधी घंटा वाजतच नाही, मग पुढाकार कशाच्या जोरावर घेणार? म्हणून 'स्वतःहून कधीच नाही' याचा अर्थ 'तू नकोस' असा काढता येत नाही.

सुताराचा_नातू

पलंगाचं कुणीच उत्तर दिलं नाही. घरात सासूबाई आहेत म्हणून विचारतोय, चेष्टा नाही.

एडिसनकर

आम्ही दोन वर्षांपूर्वी थेरपिस्टकडे गेलो होतो. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, महिनाभर संबंध बंद. आम्ही म्हटलं, बंदच आहेत, त्यासाठीच आलोय. पण तिने व्यायाम दिला. आठवड्यातून दोनदा २० मिनिटं, पाठ, हात, केस. फक्त स्पर्श. त्यापुढे जायचंच नाही असं आधीच ठरलेलं. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिक संशोधकांची १९७० च्या सुमाराची पद्धत आहे, अजून वापरतात. बायको नंतर म्हणाली की तू खांद्यावर हात ठेवलास की मला पुढचा सगळा रस्ता दिसायचा, म्हणून मी खांदाच काढून घ्यायचे. मला हे नऊ वर्षं माहीत नव्हतं.

जुना_रेडिओ

डॉलर मोजून पाठ चोळून घेतली म्हणा की. हलके घ्या. पण असले विषय कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या ठिकाणी असावेत का? संपादक मंडळाने विचार करावा.

चिंचगूळ

काका, २३ वर्षांचा हिशोब तुम्हीच मांडलात वर.

आणि मराठीत हे नवीन नाही. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' काढत होते, १९२७ ते १९५३. वाचकांच्या असल्याच प्रश्नांना छापील उत्तरं दिली म्हणून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. आपण नव्वद वर्षांनी 'असावेत का' विचारतोय.

खिडकीजवळची

अवांतर: लावणीत तर बाईच बोलावते. तेव्हा कुणाला संकोच नव्हता.

नोटीस_पाठवू_का

लावण्या लिहिणारे शाहीर पुरुष होते. बाईने बोलवावं ही त्यांची हौस.

खिडकीजवळची

हौस होती म्हणजे तक्रारही तेव्हापासूनचीच की.

परळची_माई

सून लॉगिन करून देते, मी बोलते, ती टाइप करते.

आमचं १९७९ चं लग्न. चाळीत दहा बाय बाराची खोली, आम्ही आठ माणसं. पुढाकार कुणाचा हा प्रश्नच नव्हता, जागा कुठली हा होता. यांची गिरणीत पाळी. दुपारपाळी असली की रात्री बाराला यायचे. मी रोज तांब्या-भांडं खिडकीशी ठेवायचे. ज्या दिवशी यांच्या उशाशी ठेवलं त्या दिवशी ते काय ते समजायचे. तोंडाने कुणी काही विचारलं नाही. पण पहिली तीन वर्षं त्यांना तांब्याचं कळलंच नव्हतं, ते नुसतं पाणी पिऊन झोपायचे. मला वाटायचं यांना नको आहे.

आणि बाबा, ते 'संपकरी' नाव बदल. आमच्या घराने १८ जानेवारी ८२ चा संप बघितलाय. तो अजून कुणी रीतसर मागे घेतलेला नाही.

दोन_पोरांची_आई

माई, साष्टांग नमस्कार.

ताम्हण

संपकरी, तुमच्या घरातला तांब्या कुठला आहे ते बघा.

संपकरी (त्याच रात्री १२:५०)

माईंचं वाचून एक आठवलं. ती कधी कधी दिवा बंद झाल्यावर विचारते, "झोपलास का?" मी म्हणतो, "हो, झोपतोय." मला वाटायचं गीझर बंद केला का ते विचारायचंय.

चिंचगूळ

किती वेळा??

संपकरी

आठवड्यातून एकदा तरी. संपाच्या काळात जास्त.

एडिसनकर

अरे देवा.

खिडकीजवळची

थांबा, लगेच फटाके लावू नका. 'झोपलास का' म्हणजे तेच, असं आपण सगळे धरून चाललोय. तिला नुसतं बोलायचंही असेल. उद्या हा माणूस "जागा आहे" म्हणून थेट हात टाकायचा आणि पुन्हा खांदा बाजूला व्हायचा. दादा, जागे आहात एवढंच सांगा आणि मोबाईल ठेवा. पुढचं तिला ठरवू दे.

जुना_रेडिओ

एवढं सगळं करण्यापेक्षा पहाटे फिरायला जा.

संपकरी (नऊ दिवसांनी)

उशीर झाला, क्षमस्व. घरात बोलायला जागा नव्हती. शनिवारी भाजी घेऊन आलो आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून बसून राहिलो. तिच्या मांडीवर मेथीच्या दोन जुड्या. संपाचं सांगितलं.

तिला माहीत होतं. म्हणाली, "विसर्जनापासून तू भिंतीकडे वळून झोपतोस. मला मोजता येतं." मग मेथीचा दोरा सोडत बसली. तिचं म्हणणं, मी हात लावायचा थांबलो तेव्हा आधी तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि दिवाळीनंतर भीती वाटायला लागली. गोळीमुळे आपल्याला काही वाटतच नाही हे तिला कळत होतं, पण ते कुणाला कसं सांगायचं हे कळत नव्हतं. डॉक्टर पुरुष आहेत.

'झोपलास का'चं विचारलं. बहुतेक वेळा बाबांबद्दल बोलायचं असायचं. खिडकीजवळची ताई, तुमचं बरोबर निघालं. पण दोनदा तसं नव्हतं, म्हणाली. कोणते दोनदा ते सांगत नाही.

गुरुवारी डॉक्टरकडे दोघं जातोय, आत मीही बसणार आहे. मुलगा चार रात्री आजीजवळ झोपला, पाचव्या रात्री उशी घेऊन परत आला. बाकी अजून तसंच आहे. पण भिंतीकडे वळत नाही.

सुताराचा नातू: हो, वाजतो. तुम्ही विचारलंत तेव्हा राग आला होता.

सुताराचा_नातू

वाटलंच. बॉक्स पलंग आहे ना, प्लायचा? आवाज बहुतेक उशाकडच्या फळीला बाजूची पट्टी जोडली आहे तिथून येतो. गादी काढा, चारही कोपऱ्यांचे बोल्ट दिवसा घट्ट करा, सासूबाई देवळात गेल्या की. तरी वाजला तर फळी आणि पट्टीच्या मध्ये जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, बोटभर रुंद. तेल अजिबात घालू नका.