‘मारिओ टेनिस ओपन’चे स्वागत हात राखून का झाले?

प्रश्न: निन्टेन्डो थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर २०१२ साली आलेला हा टेनिसचा व्हिडिओ गेम कॅमलॉटसारख्या मुरलेल्या चमूने घडवला असूनही समीक्षकांनी त्याला बेताचेच गुण का दिले असावेत? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: मुख्य तक्रार एकट्याने खेळणाऱ्याच्या वाट्याला काय येते याविषयी होती. गेम बॉय कलर आणि गेम बॉय अॅडव्हान्स या निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रांवरील ‘मारिओ टेनिस’च्या आवृत्त्यांत नवखा खेळाडू अकादमीत सराव करत, सामने जिंकत, आपली पातळी वाढवत पुढे जाई. ती कथा इथे समूळ गाळली गेली आणि एकामागून एक चषकस्पर्धा तेवढ्या उरल्या. ही टीका मला पूर्णपणे रास्त वाटते.

प्रतिसाद २: रास्त आहेच, पण प्रत्यक्ष खेळाची वाखाणणीही झाली. मैदानावर रंगीत वर्तुळ उमटते आणि तिथे उभे राहून त्या रंगाशी जुळणारा फटका मारला की चेंडू अधिक प्रभावी जातो; काहींना मात्र यामुळे डावपेचांपेक्षा वर्तुळाकडे धावणेच महत्त्वाचे ठरते, असे वाटले.

प्रतिसाद ३: इंटरनेटवरून सामने खेळण्याची सोयही होती. शिवाय भिंतीवर सरकणाऱ्या जुन्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या दृश्यावर चेंडू मारत नाणी मिळवण्याचा उपखेळ इतका रंगतो, की त्याच्यासाठी तरी समीक्षकांनी चार ओळी जास्त लिहायला हव्या होत्या.