सल्ला हवा: सर्वांत ताकदवान वैश्विक किरण प्रदर्शनात मांडायचे कसे?

केळीबाग_यावल: मंडळी, नववीला विज्ञान शिकवतो. एका पोरीला विज्ञान प्रदर्शनात वैश्विक किरण (अवकाशातून पृथ्वीवर येणारे वेगवान कण) मांडायचेत, तेही सगळ्यांत जास्त ऊर्जेचे. थर्माकोलची पृथ्वी नि बाण नकोत. बजेट हजार-बाराशे.

चोपड्याचा_भो: क्लाउड चेंबर, म्हणजे कणांची वाट दाखवणारी पेटी, करा ना भो! काचेची पेटी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, खाली सुका बर्फ. काळ्या तळावर कापसाच्या तंतूसारख्या रेघा उमटतात, एक मिटली की दुसरी. फक्त आपल्याकडचं ऊन सांभाळा. मी नाशिकहून बर्फ आणला, धुळ्यापर्यंत निम्मा उडाला होता.

तापीकाठ: भाऊ, त्या रेघा साध्या म्युऑनच्या, म्हणजे वैश्विक किरण हवेवर आपटल्यावर बनणाऱ्या नेहमीच्या कणांच्या. सरांना हवेत ते कण चौरस किलोमीटरला शंभर वर्षांत एखादा येतो! १५ ऑक्टोबर १९९१ ला अमेरिकेत युटामध्ये असा एक नोंदला गेला. ३२ वर १९ शून्यं एवढे इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक), म्हणजे ताशी ९० किलोमीटरने आलेल्या लेदर बॉलची ऊर्जा अणूहूनही बारक्या कणात.

सर, टाक्यांचं मॉडेल करा. अर्जेंटिनात पिएर ओझे वेधशाळेने ३००० चौरस किलोमीटरवर सोळाशेच्या वर टाक्या मांडल्यात, दीड-दीड किलोमीटरवर एक. म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याचा चौथा हिस्सा. एकेका टाकीत १२,००० लिटर पाणी, उन्हाळ्यात गावाला येतो तो टँकरच समजा. मूळ कण वरच हवेवर आपटून फुटतो, खाली येतो तो त्याच्या पिल्लावळीचा पाऊस. ते कण पाण्यातून जाताना निळसर प्रकाश पडतो, तो आतले तीन संवेदक टिपतात. कुठली टाकी आधी चमकली यावरून कण कुठून आला ते कळतं. जिल्ह्याच्या नकाशावर एलईडी लावा, क्रमाने पेटवा.

केळीबाग_यावल: झकास! पण परीक्षक विचारणार, हे येतात कुठून?

तापीकाठ: आपल्या आकाशगंगेबाहेरून. २०१७ मध्ये ओझेवाल्यांनीच दाखवलं की ते सगळीकडून सारखे येत नाहीत, आणि जास्तीची बाजू आकाशगंगेच्या केंद्राकडची नाही. नेमका उगम सापडलेला नाही. वाटेतली चुंबकीय क्षेत्रं कणाला वळवतात, त्यात तो कण म्हणजे एखाद्या जड अणूचं केंद्रक असलं तर आणखीच. २०२१ मध्ये नोंदलेला असाच प्रचंड ऊर्जेचा ‘अमातेरासु’ कण तर जिकडे दीर्घिका जवळपास नाहीतच, त्या पोकळीकडून आल्यासारखा दिसला. पोरीने बिनधास्त सांगावं, ‘अजून शोधताहेत.’

केळीबाग_यावल: ठरलं, टाक्याच. पोरगी आत्ताच विचारतेय की तिच्या शेतात टाकी येते का! जळगावात एलईडी स्वस्त कुठे मिळतील?