रिट्रेड: नक्षीचं नाही, केसिंगचं वय बघा

रिट्रेड, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला टायर, रस्त्यात फुटणारच, असं कुणीतरी लिहिलंय. सरसकट नाही पटत. विमानांच्या टायरवरही नवा थर चढवतातच की. नक्षीचा पट्टा सुटतो तो बऱ्याचदा हवा कमी असल्यामुळे. टायर दबतो, तापतो आणि जोड सोडतो.

पण केसिंगच्या, म्हणजे आतल्या मूळ टायरच्या, वयाबद्दल कुणीच बोललं नाही. एसयूव्हीसाठी मी रिट्रेडची एक जोडी बघितली. नक्षी कोरी करकरीत, रबराची केसंसुद्धा शाबूत. वाकून, मोबाइलच्या उजेडात साइडवॉलवरचा (टायरच्या बाजूवरचा) बनावटीचा मूळ कोड वाचला तर शेवटी 2312, म्हणजे 2012 चा 23वा आठवडा! वर नवी नक्षी, आत म्हातारा टायर. तिथेच सोडून आलो. नंतर घेतलेली जोडी मात्र मजेत चाललीय, हवा दर आठवड्याला गाडी काढायच्या आधी, टायर थंड असतानाच बघतो.