नंबर काढला म्हणजे डोळे तपासले? तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती

आई दर दोन वर्षांनी चष्मा बदलायची. म्हणजे तिच्या मते डोळे तपासायची. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, यंत्रावर हनुवटी टेकवून लांब रस्त्याच्या टोकाला दिसणारा तो रंगीत फुगा बघायचा, मग 'हे स्पष्ट की ते?' झालं की पाव नंबर वाढला म्हणून नव्या काचा. तक्त्यावरची शेवटची ओळ ती घडाघडा वाचायची आणि घरी येऊन सांगायची सुद्धा.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी न्हाताना तिच्या उजव्या डोळ्यात शिकेकाई गेली. तो डोळा मिटूनच पूजेला बसली आणि मला हाक मारली, "अगं, समईची वात दिसतेय, पण देव कुठे गेले?" मला आधी वाटलं थट्टा करतेय. देव्हारा हातभर अंतरावर. वातीकडे बघितलं की फक्त वात. बाळकृष्णाकडे मान वळवली की फक्त बाळकृष्ण. डाव्या डोळ्याने ती जणू नळीतून बघत होती, आणि हे तिला स्वतःला त्या दिवशी कळलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाब मोजला. डावीकडे ३०, उजवीकडे २४. साधारण २१ पर्यंत ठीक धरतात. मग ती पांढऱ्या वाटीत डोकं घालून दिवा लुकलुकला की बटण दाबायची तपासणी. बाहेर येऊन आई वैतागून म्हणाली, "यंत्र बिघडलंय त्यांचं. मध्येच ठिपके यायचे बंद झाले." ठिपके येत होते. काचबिंदू, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होऊन कडेची नजर जाते तो. डावीकडे खूप पुढे गेलेला, उजवीकडे सुरुवातीचा.

दुखत नाही, लाल होत नाही. मधली नजर बऱ्याचदा शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून ती शेवटची ओळ वाचता येते. आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. तरी आम्हाला दिसायला हवं होतं. वर्षभर तिचा खांदा दाराच्या चौकटीला लागत होता, कपबशी दोनदा ओट्याच्या कडेवरून गेली. आम्ही तिला वेंधळी म्हणायचो. हे लिहिताना आजही कसंतरी होतं.

गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी आहे ती टिकवायची. सख्ख्या नात्यात धोका जास्त म्हणून मीही गेले. वय ४६. दाब ठीक, पण नस जरा संशयास्पद, दरवर्षी ओसीटी (नस आणि पडद्याचं स्कॅन) आणि फील्ड (तीच वाटीतली तपासणी) करायला सांगितलंय. धाकटा भाऊ मात्र जात नाही. "मला सगळं नीट दिसतं." आईलाही दिसत होतं!

तुमच्याकडे काय झालं? तक्रार नसताना गेलात आणि काही सापडलं, किंवा काहीच सापडलं नाही, दोन्ही लिहा.

दुपारचा चहा

आमचा अनुभव मुलाचा. पाच वर्षांचा होता, अभ्यासात हुशार, टीव्ही लांबूनच बघायचा, म्हणून डोळ्यांचा विचारच नव्हता. एकदा घरात चाच्यांचा खेळ चालला होता. बहिणीने त्याच्या डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला तर चालला. उजव्यावर बांधला की रडायला लागायचा, "हा नको, हा नको!" तीनदा तेच झालं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

शाळेतल्या तपासणीत तो पास झाला होता. रांगेत उभं राहून पुढच्या पोरांचं ऐकून त्याला अक्षरं पाठ झाली होती हे नंतर त्यानेच सांगितलं, तेही फुशारकीने. डॉक्टरांनी तीन दिवस अ‍ॅट्रोपिनचं मलम घालायला सांगून मग नंबर काढला. उजवा अधिक अर्धा, डावा अधिक साडेचार. आळशी डोळा. डोळ्यात खोट नाही, पण मेंदू त्याच्याकडून आलेलं चित्र घेतच नाही. सात-आठ वर्षांच्या आत पकडलं तर पट्टीने बरंच सुधारतं, नंतर अवघड होत जातं.

रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. पहिले पंधरा दिवस घरात महाभारत. मग मी पट्टीच्या वेळातच डाळिंब सोलायला द्यायला लागले, एकेक दाणा वाटीत. दीड वर्षांनी डावा ६/९ वर आलाय (६/६ म्हणजे पूर्ण नजर). धाकटीला मात्र साडेतीन वर्षांचीच असताना दाखवून आणलं. तिचं काही नाही.

स्कूटरवाली

एक फुकटचा सल्ला. बाहुली मोठी करायचे थेंब घालणार असतील तर सोबत कुणाला तरी न्या. मी शहाणपणा करून एकटी गेले, भर दुपारी स्कूटरवरून निघाले. सगळा रस्ता पांढराफेक. चौकातल्या रसवंतीत दोन तास बसले, तीन ग्लास रस प्यायले, फोनवरचं अक्षर दिसेना म्हणून कुणाला बोलावताही येईना. शेवटी रसवाल्याकडून नवऱ्याला फोन लावून घेतला. रिपोर्ट नॉर्मल.

साखरभात

माझं उलटं. मी चष्म्यापासून मधुमेहापर्यंत पोचलो. ५१ व्या वर्षी अचानक लांबचं धूसर. दुकानातून प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत) काचा करून घेतल्या, नऊ हजार रुपये. महिन्याभरात दुसरे काही त्रास म्हणून रक्त तपासलं तर उपाशीपोटी २६०. गोळ्या सुरू झाल्या, साखर उतरली आणि नवा चष्मा लागेना! रक्तातली साखर वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर हलतो, हे तेव्हा कळलं. साखर स्थिरावेपर्यंत चष्मा करायचाच नसतो.

डॉक्टरांनी लगेच डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासायला पाठवलं. मी म्हटलं, आत्ताच तर निघालाय मधुमेह. ते म्हणाले, "तुम्हाला आत्ता कळला. झाला कधी ते कुणाला माहीत?" फोटोत पडद्यावर बारीक लाल ठिपके, तिखट सांडल्यासारखे. नजर ६/६. आता वर्षाला एक फेरी ठरलेली, साखर ताब्यात असली तरी.

लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये साठीनंतर डोळ्यांची तपासणी एनएचएसकडून (इथली सरकारी आरोग्यसेवा) फुकट. चाळिशीनंतर आईवडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला काचबिंदू असेल तरीही फुकट. फॉर्मवरच्या त्या एका चौकटीमुळे मी नागपूरला फोन करून बाबांना विचारलं. "हो, थेंब घालतो ना मी, सहा वर्षं झाली." आम्हा मुलांना सांगण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलं नव्हतं.

खडूस

सगळं पटतंय, पण धंदाही ओळखा. मी एका चकाचक ठिकाणी गेलो, डॉक्टर भेटायच्या आधीच चार तपासण्यांचं पॅकेज हातात. कशासाठी विचारलं तर "सर, सगळ्यांचं करतो." उठून आलो. पुढे एका साध्या दवाखान्यात तीनशे रुपयांत नीट बघून दिलं.

काचेमागची

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी, म्हणून दोन शब्द. @खडूस, ओसीटी सगळ्यांना लागत नाही, हे खरं. पण चाळिशीनंतर दाब मोजणं, स्लिट लॅम्पवर (प्रकाशाच्या पट्टीचा सूक्ष्मदर्शक) डोळा बघणं आणि बाहुली मोठी करून नस व पडदा बघणं एवढं तरी व्हायला हवं. फुग्याचं यंत्र फक्त नंबर सांगतं, आत काय चाललंय ते नाही. दाबाचा आकडाही एकटा पुरेसा नाही. बुबुळावरचा पारदर्शक थर (कॉर्निया) पातळ असेल तर खरा दाब असतो त्यापेक्षा कमी दिसतो, आणि काहींना दाब नॉर्मल असूनही काचबिंदू होतो.

माझ्या खुर्चीत नेहमी येणारी आणखी तीन माणसं. खाज येते म्हणून औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालणारे, त्यांचा दाब चढतो. संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन घेणारे, ज्यांना पडदा तपासून घ्यायचा असतो हे कुणी सांगितलेलंच नसतं (पहिल्या वर्षात एकदा, पाच वर्षांनंतर दरवर्षी). आणि आनंदाने सांगत येणारे आजोबा, "माझा जवळचा चष्मा सुटला!" तो बहुतेक वेळा पिकत आलेला मोतीबिंदू असतो. त्यांचा हिरमोड करायला जिवावर येतं.

डोळ्यासमोर विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा नजरेसमोर पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर मात्र वार्षिक तपासणीची वाट बघू नका. त्याच दिवशी जा.

धागाकर्ती

@लीड्सकर, तुमच्या बाबांचं वाचून हसू आलं आणि नाहीही. आमच्याकडे रात्री नऊला आईच्या फोनचा गजर होतो, थेंबांचा. त्यांची न फोडलेली बाटली फ्रीजमध्ये लोण्याच्या भांड्याशेजारी असते. काल भाऊ जेवायला आला होता, गजर झाल्यावर आईने बाटली त्याच्याच हातात दिली. "तू घाल आज." त्याचा हात इतका थरथरला की पहिला थेंब गालावर.

आज सकाळी त्याचा निरोप आला. मंगळवारची वेळ घेतलीय. @स्कूटरवाली, त्याला तुमचा किस्सा सांगितलाय, रिक्षाने जाणार आहे.